एफओपी: हाडांचा एक दुर्मिळ जन्मजात विकार



बाळ जन्मले की नाक कोणाचे, डोळे कोणाचे यावर घरात चर्चा रंगते. पायाच्या अंगठ्यांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. एका दुर्मिळ विकाराची पहिली खूण नेमकी तिथेच असते, म्हणून ही माहिती आम्ही आपल्यासाठी एकत्र केली आहे. आम्ही डॉक्टर नाही, संगणक क्षेत्रातली माणसे आहोत. तेव्हा हा लेख ओळखीपुरता समजावा; निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

एफओपी म्हणजे काय?
पूर्ण नाव 'फायब्रोडिस्प्लेझिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा'. यात स्नायू, स्नायुबंध अशा मऊ भागांचे हळूहळू हाड होते. सांधे एकेक करून जखडतात. सुमारे दहा-वीस लाखांत एकाला हा विकार होतो. जीभ, हृदय व श्वासपटलाचे स्नायू त्यातून सुटतात.

कसा ओळखावा?
- जन्मतः दोन्ही पायांचे अंगठे आखूड व इतर बोटांकडे वळलेले असतात.
- बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांत मान, पाठ किंवा खांद्यावर दुखऱ्या गाठी येतात.
- या गाठी कधी पडल्यामुळे, कधी तापानंतर, तर कधी काहीच कारण नसताना येतात.

ही गाठ कर्करोगाची वाटू शकते, आणि मग तपासणीसाठी तुकडा काढला जातो. खरा धोका इथेच आहे, कारण त्या जखमेतून नवे हाड तयार होते. वाढलेले हाड शस्त्रक्रियेने काढले तरी तिथे पुन्हा हाड येते. म्हणून आधी अंगठे पाहावेत आणि मग रक्ताची जनुकीय तपासणी करावी.

कारण काय?
२००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. फ्रेडरिक कॅपलन, डॉ. आयलीन शोर व सहकाऱ्यांनी याचे मूळ शोधले. 'एसीव्हीआर१' जनुकात एका अक्षराचा बदल होतो, बस्स! लाखो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एक अक्षर चुकावे तसे. त्यामुळे 'हाड बनवा' हा संदेश नको तिथे जातो. बहुतेक वेळा हा बदल नव्यानेच घडतो. आईवडिलांपैकी कोणाकडेही तो नसतो. त्यामुळे गरोदरपणात काय खाल्ले, काय केले याचा दोष आईला देऊ नये. रुग्णाच्या मुलांना मात्र तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

फिलाडेल्फियाचा हॅरी
हॅरी ईस्टलॅक (१९३३-१९७३) यांना हा विकार होता. शेवटी त्यांना फक्त ओठ हलवता येत. संशोधनासाठी त्यांनी देहदान केले. त्यांचा सांगाडा फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये आहे. सांगाड्याची हाडे एरवी तारेने जोडावी लागतात. हॅरींचा सांगाडा बराचसा आपोआपच जोडलेला आहे.

निदान झाल्यास काय टाळावे?
- स्नायूत दिले जाणारे इंजेक्शन. लस कशी व केव्हा द्यायची, हे तज्ज्ञांना विचारावे.
- अनावश्यक शस्त्रक्रिया. दाताच्या डॉक्टरांनाही आधी सांगावे, कारण तिथल्या इंजेक्शनने जबडा जखडू शकतो.
- जोराची मालिश व हातपाय ताणणे. आजीच्या हाताला गुण असला तरी इथे नको!
- पडणे, मार लागणे.

भारतात सुट्टीला जाताना डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावे आणि घरातल्या सर्वांना कल्पना द्यावी. गावातला दवाखाना ताप आला म्हणून सहज इंजेक्शन देऊ शकतो.

उपचार
विकार पूर्ण बरा करणारे औषध नाही. सूज येताच थोडे दिवस स्टिरॉइड देतात. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत पॅलोव्हरोटीन या औषधाला मान्यता मिळाली. ते नवे हाड तयार होणे कमी करते, पण मुलांची उंची वाढणे वेळेआधी थांबू शकते. म्हणून मुलींना ८ व मुलग्यांना १० वर्षांनंतरच देतात. गरोदरपणात ते घेऊ नये.

रुग्ण व कुटुंबांसाठी जीनी पीपर यांनी १९८८ साली 'आयएफओपीए' ही संस्था स्थापन केली. स्वतः त्यांनाही हाच विकार होता.

तेव्हा मंडळी, नव्या बाळाला बघायला जाल तेव्हा नाकडोळ्यांबरोबर अंगठेही पाहा. वाकडा अंगठा म्हणजे एफओपीच असे नव्हे. पण शंका आली तर कुठलीही चिरफाड होण्याआधी डॉक्टरांना हे नाव जरूर सांगा.