करोडगिरीची भिंत

१९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली. रूळ सलग होते, बाजार मात्र सलग नव्हता. बार्शी मुंबई इलाख्यात, लातूर निजामाच्या राज्यात, आणि मध्ये करोडगिरी, म्हणजे संस्थानची सीमेवरची जकात. ईस्ट इंडिया कंपनीशी १८०२ साली झालेल्या व्यापारी तहात तिचा दर शेकडा पाच ठरला होता. संस्थानचे नाणेही वेगळे, हाली शिक्का.

करोडगिरीच्या नाक्यांबद्दलची चीड खोल होती. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात हे नाके जाळणे हा सीमेवरच्या कार्यकर्त्यांचा लढ्याचा एक मार्गच झाला.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले, पण भिंत लगेच पडली नाही. राज्यघटनेच्या कलम ३०१ ने देशभरचा व्यापार मोकळा केला. कलम ३०६ ने मात्र हैदराबादसारख्या ‘ब’ वर्ग राज्यांना केंद्राशी करार करून आपली जकात जास्तीत जास्त दहा वर्षे चालू ठेवण्याची मुभा दिली. जकात हा तिजोरीचा मोठा आधार होता, त्यामुळे ही सवलत रास्तच म्हणावी लागेल. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते कलमच रद्द झाले.

अशीच भिंत पाडताना युरोपाने आणखी एक काळजी घेतली. तिथल्या सहा देशांनी १९५७ च्या रोम करारात आपसातली जकात काढायचे ठरवले, तेव्हा त्याच करारात कंपन्यांच्या संगनमताला आणि वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई केली. सरकारी भिंत गेल्यावर व्यापाऱ्यांनी खाजगी भिंत बांधू नये, हा त्यामागचा विचार. भारतात मात्र घटनेनंतर मक्तेदारीविरोधी कायदा यायला १९६९ उजाडले. मधल्या काळात नांदेडच्या उस्मानशाही मिलसमोर करोडगिरीचा आडोसा उरला नव्हता, आणि नवा मोठा कारखाना कोणी काढायचा हे १९५१ च्या कायद्याने दिल्लीचा परवाना ठरवू लागला. खुली बाजारपेठ आली, खुली स्पर्धा मागे राहिली.

तरी लातूर-नांदेडचा मराठवाडा या एका बाजारात रिकाम्या हाताने आला नव्हता. शेतमालाच्या बाजारासाठी हैदराबादचा १९३० चा स्वतःचा कायदा होता. मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा यांचे असे वेगवेगळे कायदे १९६३ मध्ये महाराष्ट्राच्या एकाच बाजार समिती कायद्यात विलीन झाले. लातूरच्या आडतीत तूर विकणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने स्पर्धेचे धोरण म्हणजे हाच कायदा: उघड लिलाव, खरे माप आणि ठरलेली आडत.

देशाचा एकच बाजार होण्याचा पुढचा टप्पा १ जुलै २०१७ च्या जीएसटीचा. या वेळी मात्र पहारा सोबतच आला. कर घटल्याचा फायदा ग्राहकाला मिळतो का, हे पाहायला नफेखोरीविरोधी प्राधिकरण नेमले गेले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते काम भारतीय स्पर्धा आयोगाकडे सोपवण्यात आले.