डॅनिश बॅडमिंटन संघटना
डॅनिश बॅडमिंटन संघटना : डेन्मार्कमधील बॅडमिंटन या खेळाचे नियमन, संवर्धन व प्रसार करणारी राष्ट्रीय संघटना. मूळ डॅनिश नाव ‘डॅनमार्क्स बॅडमिंटन फॉरबुंड’. ‘बॅडमिंटन डेन्मार्क’ या नावानेही ती ओळखली जाते. स्थापना १९३०. मुख्यालय कोपनहेगनजवळील ब्रनबी येथे. सु. ६० लाख लोकवस्तीच्या या देशाने आशियाई राष्ट्रांचे प्राबल्य असलेल्या या खेळात आपले स्थान टिकविले, त्याचे श्रेय बव्हंशी संघटनेच्या क्लबप्रधान रचनेस द्यावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यातील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांत रूढ असलेला हा खेळ पुढे इंग्लंडमध्ये स्थिरावला आणि १९२० नंतरच्या दशकात डेन्मार्कमध्ये पसरला. दीर्घ हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येत असल्याने तो तेथे लवकरच लोकप्रिय झाला. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन संघ स्थापन करणाऱ्या नऊ संघटनांपैकी डेन्मार्कची संघटना एक होती. टागे मॅडसेन याने १९३९ मध्ये अखिल इंग्लंड स्पर्धेतील पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळविले. युद्धामुळे खंडित झालेली ही स्पर्धा १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाली व १९४८ मध्ये तिची पाचही विजेतेपदे डॅनिश खेळाडूंकडे गेली. पुढे एरलंड कॉप्स याने १९५८ ते १९६७ या काळात ही एकेरीची स्पर्धा सात वेळा जिंकली.

या यशाचा पाया क्लबांनी घातला. स्थानिक क्लब हे संघटनेचे मूळ घटक असून त्यांचा कारभार मुख्यत्वे स्वयंसेवकांवर चालतो; क्रीडागृहे बहुधा नगरपालिका उपलब्ध करून देतात. मुले, हौशी प्रौढ व नामांकित खेळाडू एकाच क्लबात खेळत असल्याने होतकरू खेळाडूंना श्रेष्ठ खेळ जवळून पाहता येतो. क्लबांच्या श्रेणीबद्ध सांघिक स्पर्धांमुळे त्यांना नियमित सामनेही मिळतात. १९८० मध्ये अखिल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यानंतर प्रकाश पदुकोण कोपनहेगन येथे राहावयास गेले, ते अशाच पोषक वातावरणामुळे.

आशियाई देशांनी खेळाडूंच्या पूर्णवेळ प्रशिक्षणाची व्यवस्था केल्यावर मात्र केवळ क्लबांवर विसंबणे पुरेसे ठरेना. १९८४ च्या कायद्यान्वये डेन्मार्कमध्ये उच्च दर्जाच्या क्रीडेस शासकीय साहाय्य देणारी ‘टीम डॅनमार्क’ ही संस्था निर्माण झाली. ब्रनबी येथील राष्ट्रीय केंद्रात निवडक खेळाडूंचा सराव एकत्रित होऊ लागला. मॉर्टेन फ्रॉस्ट याने १९८२ ते १९८७ या काळात अखिल इंग्लंड स्पर्धा चार वेळा जिंकली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पौल-एरिक हॉयर लार्सन याने पुरुष एकेरीचे सुवर्णपदक पटकाविले. पुढे २०१३ ते २०२५ या काळात तो जागतिक बॅडमिंटन महासंघाचा अध्यक्ष होता.

सांघिक यशाने मात्र दीर्घकाळ हुलकावणी दिली. टॉमस चषकाच्या १९४९ मधील पहिल्या अंतिम सामन्यात मलायाने डेन्मार्कचा ८–१ असा पराभव केला. त्यानंतर १९५५, १९६४, १९७३, १९७९, १९९६, २००४ व २००६ या वर्षीही डेन्मार्क उपविजेताच राहिला. अखेरीस २०१६ मध्ये चीनमधील कुन्शान येथे इंडोनेशियाचा ३–२ असा पराभव करून त्याने हा चषक जिंकला. तो मिळविणारे ते आशियाबाहेरील पहिले राष्ट्र होय. २०२२ च्या उपांत्य फेरीत भारताने डेन्मार्कवर ३–२ अशी मात केली व पुढे चषकही जिंकला.

टोकिओ (२०२१ मध्ये झालेली) व पॅरिस (२०२४) या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांतील पुरुष एकेरीचा सुवर्णपदकविजेता व्हिक्टर ॲक्सेलसेन हा २०२१ मध्ये ब्रनबी सोडून सरावासाठी दुबईस गेला. तथापि पॅरिस येथेही तो डेन्मार्कतर्फेच खेळला. छोट्या देशाच्या संघटनेस थोडक्या खेळाडूंतूनच राष्ट्रीय संघ उभारावा लागतो आणि एकमेकांबरोबरचा सराव ही त्यांची मोठी गरज असते. त्यामुळे श्रेष्ठ खेळाडूचे व्यक्तिस्वातंत्र्य व सामुदायिक सराव यांचा मेळ घालण्याचा प्रश्न या घटनेने ठळकपणे पुढे आला. यशाचे शिखर केंद्रात घडले, तरी त्याचा पुरवठा गावोगावच्या क्लबांतूनच होतो, हे या संघटनेच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.