नाव झाडाचे, पण झाड नव्हे

कॅनडाच्या पूर्व भागात, गास्पेच्या किनाऱ्यावर, भूवैज्ञानिक विल्यम लोगन यांना १८४३ साली दगड बनलेले ओंडके सापडले. १८५९ साली जॉन विल्यम डॉसन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ओंडक्याच्या आत सूक्ष्म नळ्यांचे जाळे होते. डॉसन यांच्या मते हे सूचिपर्णी वृक्षाचे अर्धवट कुजलेले लाकूड होते आणि त्यात बुरशीचे अवशेषही होते. यू या वृक्षाच्या ‘टॅक्सस’ या शास्त्रीय नावावरून त्यांनी नाव ठेवले प्रोटोटॅक्साइट्स, म्हणजे ‘आदिम यू’.

१८७२ साली ब्रिटनच्या विल्यम कॅरुथर्स यांनी हे मत खोडून काढले. लाकडाची रचना अशी नसते, हे समुद्री शैवाल आहे, असे म्हणून त्यांनी नावही बदलले. डॉसन बरीच वर्षे भांडले. मग १८८८ मध्ये त्यांनी स्वतःच तिसरे नाव सुचवले आणि आपण याला झाड म्हटलेच नव्हते असा पवित्रा घेतला! पण नामकरणाच्या नियमानुसार पहिलेच नाव टिकले.

हा वाद एवढा महत्त्वाचा का? सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी जमिनीवरच्या वनस्पती जेमतेम गुडघ्या-कमरेएवढ्या होत्या. त्यांच्यामध्ये हे खांब आठ मीटरपर्यंत उंच आणि एक मीटरपर्यंत जाड होते. जमिनीवरचा पहिला महाकाय जीव कोण, हेच ठरायचे होते.

२००१ साली अमेरिकेच्या फ्रान्सिस ह्यूबर यांनी हा जीव बुरशी असल्याचे सविस्तर मांडले. २००७ मध्ये त्याला कार्बनच्या समस्थानिकांचा आधार मिळाला. एकाच काळातल्या, एकाच प्रकारे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या वनस्पती एकाच हवेतून कार्बन घेतात, म्हणून त्यांच्यातील कार्बन-१२ व कार्बन-१३ यांचे प्रमाण साधारण सारखे असते. आयते अन्न खाणाऱ्यात मात्र ते अन्नाप्रमाणे बदलते. प्रोटोटॅक्साइट्सच्या समकालीन नमुन्यांत ते फारच वेगवेगळे निघाले. म्हणजे हा जीव स्वतःचे अन्न तयार करणारा नव्हता. प्रश्न सुटल्यासारखे वाटले. मीही विद्यार्थ्यांना ‘महाकाय बुरशी’ असेच सांगत असे.

मग २०२५ साली एडिंबरोच्या संशोधकांनी स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील नमुने तपासले. त्याच खडकात खऱ्या बुरशीचेही जीवाश्म आहेत. दोन्ही एकाच रीतीने दगड बनलेले, म्हणून तुलना न्याय्य ठरते. बुरशीच्या पेशीभित्तिकेतील कायटिनची रासायनिक खूण त्या बुरशीत सापडली, प्रोटोटॅक्साइट्समध्ये सापडली नाही. नळ्यांची जोडणीही ओळखीच्या कोणत्याच बुरशीसारखी नव्हती. त्यांचा निष्कर्ष असा: ही दृश्यकेंद्रकी जीवांची एक स्वतंत्र, समूळ नष्ट झालेली शाखा असावी.

मला हा युक्तिवाद पटतो. पण ऱ्हायनीची जात लहान आहे. गास्पेच्या अवाढव्य ओंडक्यांनाही तेच लागू आहे का, हे वेगळे तपासावे लागेल. शिवाय ह्यूबर यांच्या मताने उभा केलेला प्रश्न अजून तसाच आहे: कमरेएवढ्या हिरवळीच्या त्या जगात आठ मीटरचा खांब उभारण्याइतके अन्न या जीवाला मिळत तरी कुठून होते?