फोन चार्ज होत नाहीये!

"फोन चार्ज होत नाहीये" हे वाक्य आपण गेली पंचवीस-तीस वर्षं म्हणतोय. वाक्य तेच, पण त्याचा अर्थ दर पाच-सात वर्षांनी बदलत गेलाय. कधी त्याचा अर्थ "लाइट गेलीये" असा होता, कधी "पिन ढिली झालीये", कधी "बॅटरी फुगलीये". आता घडीच्या फोनच्या जमान्यात त्याचा अर्थ बऱ्याचदा "नक्की काय झालंय ते कुणालाच सांगता येत नाहीये" असा होतो.

हे सगळं डोक्यात यायला कारण झाला माझा सोलापूरचा मावसभाऊ. त्याचा टॉवेलचा धंदा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूम आहेत. दिवाळीला त्याने पुस्तकासारखा उघडणारा फोन घेतला. मे महिन्यात एका सकाळी तो चार्ज होईना. खानदानात 'कंप्युटरवाला' एकच, म्हणजे अस्मादिक. तेव्हा वहिनीच्या फोनवरून आमचं डीबगिंग सुरू झालं. आमच्या धंद्यातला नियम साधा आहे: एका टोकापासून निघायचं आणि एकेक थर तपासत दुसऱ्या टोकाला पोचायचं. इथे एक टोक म्हणजे भिंतीतलं सॉकेट आणि दुसरं म्हणजे बॅटरीतलं लिथियम. तपासता तपासता जाणवलं की प्रत्येक थराला स्वतःचा इतिहास आहे आणि हे सगळे इतिहास एकाच दिशेने चाललेत.

थर पहिला: भिंत

सोलापुरात वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, लहानपणीची वीज म्हणजे वेळापत्रक. २००१ मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला, मागणी वाढत राहिली, आणि पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्राने लोडशेडिंग भोगलं. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आलं, तरी लाइट जायची ती जायचीच. लूम थांबायचे आणि पूर्व भागातली खटखट एकदम बंद व्हायची. फोन चार्ज करायचा तर लाइट असेल तेव्हा.

मग एक मोठी गोष्ट घडली, आणि ती सोलापूरच्या नावावर आहे हे खुद्द सोलापूरकरांनाही फारसं माहीत नसतं. दक्षिणेचं ग्रिड तोवर उरलेल्या देशाशी तालात नव्हतं. दोन्हीकडे वीज ५० हर्ट्झचीच, पण लाटा जुळलेल्या नाहीत, म्हणून देवघेव फक्त डीसी जोडण्यांमधून. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि सगळा देश एका तालावर आला. पुढे एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्पही सोलापूर जिल्ह्यातच उभा राहिला.

मावसभावाला म्हटलं, त्याच सॉकेटला वहिनीचा फोन लाव. लागला. भिंत निर्दोष सुटली. हल्ली ती बहुतेक वेळा निर्दोषच असते.

थर दुसरा: चार्जर आणि वायर

नोकियाची जाडी पिन आठवते? मग बारीक पिन आली आणि जाड्या पिनवाले सगळे पोरके झाले. सोनी एरिक्सनची वेगळी, सॅमसंगची वेगळी, मोटोरोलाची आणखी तिसरीच. घरात चार फोन असले तर चार चार्जर, आणि पाहुण्यांकडे गेलं की पहिला प्रश्न, "तुमच्याकडे बारीक पिन आहे का?" यावर आपला देशी तोडगा होता तो चिमट्याचा चार्जर. बॅटरी काढायची, चिमट्यात अडकवायची, लाल-हिरवे दिवे चमकायचे. कुठल्याही कंपनीची बॅटरी चालायची.

२००९ मध्ये युरोपीय आयोगाच्या रेट्याने मोठ्या कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीवर एकमत केलं. २०१४ मध्ये टाइप-सी आलं, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपात ते नव्या फोनना सक्तीचं झालं. हा खरा विजय आहे, त्यात वाद नाही. पण एक बारीक गोष्ट बदलली. जुना चार्जर मुका होता, नुसता पाच-सहा व्होल्ट द्यायचा. टाइप-सीमध्ये २४ पिना आहेत, आणि फास्ट चार्जिंगच्या आधी चार्जर नि फोन आपसात बोलणी करतात: किती व्होल्ट देतोस, किती अँपिअर घेऊ? जास्त करंटच्या केबलमध्येही स्वतःची ओळख सांगणारी चिप असते. त्यामुळे दोन केबली दिसायला सारख्या असूनही एकीवर फोन झरझर चार्ज होतो नि दुसरीवर रडत रडत. पिन जुळली की काम झालं, असं आता राहिलं नाही.

केबल बदलली, चार्जर बदलला. ढिम्म.

थर तिसरा: भोक

चार्जिंगच्या भोकात अडकलेला कचरा हा या सगळ्यातला सगळ्यात कॉमन गुन्हेगार. खिशातले तंतू रोज थोडे थोडे आत जातात, केबल त्यांना दाबत जाते, आणि काही महिन्यांत मागे गादी तयार होते. मग केबल पूर्ण बसत नाही. आता विचार करा, माणूस सोलापूरचा, धंदा टॉवेलचा, फोन लूमच्या शेजारी ठेवलेला. त्या भोकात काय असणार? :-)

फोन बंद करून, लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कोरल्यावर कापसाची छोटीशी गोळी बाहेर आली. (सुई, टाचणी घालू नका. आतली पिनांची पट्टी नाजूक असते आणि शॉर्ट होण्याचीही भीती.) ओलावा असेल तर बरेच फोन स्वतःहून चार्जिंग रोखतात. तिथे वाळू देणे हाच उपाय, तांदळाच्या डब्यात खुपसणे नव्हे.

गोळी निघाल्यावर विजेचं चिन्ह दिसलं. आम्ही दोघंही खूश. पण तासाभराने मेसेज: "अर्ध्यावर येऊन थांबलंय बे."

थर चौथा: बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीची गोष्ट छोटी करून सांगायची तर सत्तरच्या दशकात व्हिटिंगहॅम, १९८० मध्ये गुडइनफ, १९८५ मध्ये योशिनो, आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. या बॅटरीला उष्णता सोसत नाही. साधारण ४५ अंशांच्या वर गेलं की फोन चार्जिंग मंदावतो किंवा बंदच करतो. सोलापूरचा मे महिना, पत्र्याची शेड... मावसभावाने फोन घरी आणून पंख्याखाली थंड केला, तरी गाडी अर्ध्यावरच.

इथे मला २००७ आठवतं. १४ ऑगस्टला नोकियाने जाहीर केलं की मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्ज होताना जास्त तापू शकतात. नोकिया ११०० पासून कितीतरी फोनमध्ये हीच बॅटरी. देशभर घबराट उडाली. पण लोकांनी केलं काय? मागचं झाकण सरकवलं, बॅटरी काढली, तिच्यावरचा नंबर वाचला आणि आपली बॅटरी त्या यादीत आहे का ते तपासलं. असली तर कंपनी फुकट बदलून देणार होती. स्क्रूड्रायव्हर लागला नाही. घरातली आजीसुद्धा ते करू शकत होती. संकट मोठं होतं, पण दोष शोधणं माणसाच्या हातात होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये पहिला आयफोन आला, न उघडणाऱ्या बॅटरीसकट. पुढच्या दशकभरात जवळपास सगळे त्याच वाटेने गेले. फोन सडपातळ झाले, पाण्याला दाद देईनासे झाले. त्याची किंमत म्हणून ते झाकण गेलं.

थर पाचवा: बिजागरी

सॅमसंगचा पहिला गॅलक्सी फोल्ड फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. एप्रिलमध्ये परीक्षणासाठी दिलेले काही फोन बिघडले, विक्री लांबली, आणि सप्टेंबरमध्ये तो सुधारून आला. भारतात किंमत होती १,६४,९९९ रुपये. बॅटरी ४३८० एमएएच, पण ती दोन भागांत. घडीच्या फोनमध्ये हे ओघानेच येतं. मधोमध मोडणाऱ्या वस्तूत अखंड बॅटरी बसवणार कुठे? म्हणून एक या अर्ध्यात, एक त्या अर्ध्यात, आणि दोन्ही अर्ध्यांना जोडणाऱ्या बारीक लवचीक पट्ट्या बिजागरीतून जातात. दिवसातून शंभरदा फोन उघडला की त्या पट्ट्याही शंभरदा वाकतात.

म्हणजे अर्ध्यावर थांबलेल्या फोनमध्ये संशयित तीन: दुसरी बॅटरी, ती पट्टी, किंवा चार्जिंग सांभाळणारी चिप. बाहेरून तिघांचं लक्षण एकच. मावसभाऊ आधी नवी पेठेत गेला. तिथला कारागीर वीसेक वर्षं या धंद्यात, नोकियापासून सगळं उघडलेला. त्याने फोन हातात घेतला, एकदा उघडला, एकदा मिटला, आणि परत दिला. "दादा, उघडीन मी. पण स्क्रीन गेली तर तुमचं नुकसान मला भरून देता येणार नाही." अधिकृत सर्व्हिस सेंटरने (नाव नको) सांगितलं की आतली स्क्रीन आणि त्या अर्ध्यातली बॅटरी एकत्रच बदलावी लागेल. आकडा ऐकून तो गप्प झाला. त्या फोनमध्ये त्याचं यूपीआय, व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी, जीएसटीचे ओटीपी. शेवटी त्याने पैसे भरले. कशाला भरले, नेमकं काय बिघडलं होतं, ते त्याला अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

तर मुद्दा असा की पंचवीस वर्षांत वीज भरवशाची झाली, पिन एक झाली, बॅटरी कितीतरी पटीने वाढली. बिघाड कमी झाले हे खरंच आहे. पण उरलेला बिघाड एकेक थर आत सरकत गेला: भिंतीतून पिनेत, पिनेतून बॅटरीत, बॅटरीतून बिजागरीत. तो जितका आत गेला तितका आधी मालकाच्या आणि मग नवी पेठेतल्या कारागिराच्या हातून निसटला. हुनर कमी पडलं असं मला वाटत नाही. त्या माणसाकडे नकाशाही नाही आणि सुटे भागही नाहीत.

यावर काही हालचाल आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. युरोपने २०२३ च्या कायद्यात १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख घातली, त्यानंतरच्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी म्हणून. अपवाद आहेत, पळवाटाही निघतील. पण चार्जरच्या पिनेबद्दलही २००९ मध्ये लोक हेच म्हणत होते, आणि पंधरा वर्षांनी का होईना, पिन एक झालीच.

तेव्हा पुढचा फोन घ्याल तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा की बॅटरी बदलायला किती पैसे, कुठल्या गावात, आणि सोबत आणखी काय काय बदलावं लागेल. दुकानदार गडबडला तर समजा, उत्तर मिळालं.