मनमाडला गाडी बदला

औरंगाबादच्या म्हाताऱ्या माणसांना (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर, पण त्यांच्या तोंडी जुनंच) पूर्वीच्या मुंबई प्रवासाबद्दल विचारा. आधी मनमाडचं नाव निघेल. तिथं उतरायचं, ट्रंका-वळकट्या काढायच्या आणि दुसऱ्या गाडीत चढायचं.

कारण साधं होतं. 1853 साली मुंबई-ठाणे गाडी धावली ती 1676 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर, म्हणजे ब्रॉडगेजवर. मनमाड त्याच कंपनीच्या मार्गावरचं स्टेशन. पण 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात खर्च वाचवायला अरुंद रूळ मंजूर झाले, बरोबर एक मीटरचे. 1900च्या सुमारास निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे औरंगाबादवरून मनमाडला येऊन टेकली, ती या मीटरगेजवर. फरक 676 मिलिमीटरचा, जेमतेम सव्वादोन फूट. तेवढ्यासाठी मराठवाड्याच्या कापसाची प्रत्येक गाठ मनमाडला हमालाच्या पाठीवरून एका वॅगनमधून दुसरीत जायची.

मला यातली दुसरी बाजू जास्त बोचते. औरंगाबादहून हैदराबादेत काचीगुड्याला गाडी न बदलता जाता यायचं, मुंबईला नाही. (चलनाचंही तेच. निजामाच्या हद्दीत हाली सिक्का, ब्रिटिश हद्दीत कलदार.) संस्थान 1948 मध्ये गेलं, 1960 मध्ये मुंबई आपल्या राज्याची राजधानी झाली, तरी रूळ हैदराबादकडेच तोंड करून होते. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. ब्रॉडगेज औरंगाबादला पोचलं ते 1990च्या दशकात.

त्याच दशकात, 1996 साली, यूएसबी आलं. ते घडवणाऱ्यांपैकी एक, इंटेल कंपनीतले अजय भट्ट, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. तोवर कीबोर्डची पिन वेगळी, प्रिंटरची वेगळी, माउसची वेगळी. म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक मनमाड जंक्शन. मोबाइलमध्ये हा गोंधळ अजून लांबला. नोकियाची जाडी पिन, मग बारीक पिन, मग मायक्रो यूएसबी. 2014 मध्ये उलटसुलट कशीही बसणारी टाइप-सी आली, 2023 मध्ये आयफोननंही ती घेतली आणि डिसेंबर 2024 पासून युरोपात नव्या फोनना ती सक्तीची झाली.

मग आता कुठलीही केबल कशालाही चालते का? खोचली तर बसते, आणि सहसा काही जळत नाही. चार्जर सुरुवातीला 5 व्होल्टच देतो. फोन किंवा लॅपटॉपनं जास्त मागितले तरच वाढवतो. म्हणून लॅपटॉपचा धड चार्जर फोनला लावायला घाबरू नका. उलट केलंत तर मात्र लॅपटॉप रडतखडत चार्ज होईल किंवा होणारही नाही.

गोम केबलच्या पोटात आहे. साधी टाइप-सी केबल 3 अँपिअरपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त 60 वॅट नेते. त्यापुढं 100 किंवा 240 वॅटसाठी केबलच्या टोकात एक छोटी चिप लागते. ती चार्जरला सांगते की मला 5 अँपिअर झेपतात. काही स्वस्त केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो, फोटो मात्र कॉम्प्युटरवर जात नाहीत. काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांच्याच चार्जर-केबलच्या जोडीवर चालतं.

मीटरगेजचा अडथळा निदान डोळ्यांना दिसायचा. ब्रॉडगेजचा डबा त्या रुळांवर उभाच राहिला नसता. टाइप-सीत बाहेरून सगळे रूळ सारखे आणि फरक रबराच्या आत. 60 की 240 वॅट हे केबलवर छापायचा नियम यूएसबीवाल्यांनी केला आहे. पैठण गेटच्या मोबाइल मार्केटमध्ये केबल घेताना मी तो आकडा शोधतो. बहुतेक केबलींवर काहीच नसतं. “भाऊ, सगळ्याला चालते,” दुकानदार म्हणतो. मी तिथंच फोन लावून एक फाइल पाठवून दाखवायला सांगतो.