कापूसतळणी : कर्मचारीविरहित ग्रामीण रेल्वेस्थानकाचा इतिहास

अमरावती जिल्ह्यातील कापूसतळणी हे अचलपूर–मूर्तिजापूर या अरुंदमापी लोहमार्गावरील एक लहान स्थानक होय. वऱ्हाडातील कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गाने मुंबई बंदराकडे नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ७६२ मि.मी. रुंदीचा हा मार्ग टाकण्यात आला. त्याची मालकी किलिक निक्सन समूहाच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे होती. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरही ती कंपनीकडेच राहिली. गाडी मात्र मध्य रेल्वेने चालविली. मालक एक व चालक दुसरा, अशा व्यवस्थेत मार्गाची दुरवस्था झाली. पुढे कापूस ट्रकने जाऊ लागला आणि लहान स्थानकांवर कर्मचारी उरले नाहीत. १९९४ मध्ये वाफेच्या इंजिनाची जागा डिझेल इंजिनाने घेतली, तरी तिकिटे गार्डलाच द्यावी लागत. म्हणजेच स्थानकाचा कारभार गाडीबरोबर येई व गाडीबरोबरच निघून जाई. तरीही शेतमजूर, विद्यार्थी व बाजाराला जाणारे ग्रामस्थ यांना स्वस्त प्रवासाचा हाच आधार होता. ‘शकुंतला’ या नावाने परिचित असलेली ही गाडी आता बंद आहे. कापसासाठी उभारलेली स्थानके माणसांसाठी टिकविली गेली नाहीत, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.