कावीळ आणि उघाडी

ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव, श्यामलाचं सावळं, आमलकाचा आवळा. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'म' मराठीत ओठ सैल सोडतो आणि 'व' होतो. त्याच वाटेने संस्कृत 'कामला' आपल्याकडे 'कावीळ' होऊन आली.

मालवण पट्ट्यात कावीळ म्हणजे एक आजार, त्यावर एक झाडपाला आणि एक पथ्य. खरं तर ते नुसतं लक्षण, पण नाव पडलं की शोध थांबतो. चरकाने कामलेचे दोन प्रकार केले होते. त्यातल्या एकात पित्ताची वाट अडते आणि मल वाटलेल्या तिळासारखा फिकट होतो. 'कावीळ' या शब्दात हा भेद बुजला.

मग ही वाट कुठली? मासा साफ करणाऱ्या बाईला पित्ताची थैली नेमकी ठाऊक असते. ती फुटली की तुकडा कडू. माणसात त्या थैलीतलं पित्त नळीने खाली उतरतं आणि लहान आतड्याच्या तोंडाशी स्वादुपिंडाच्या नळीला भेटतं. 'स्वादुपिंड' हा शब्द मला इंग्रज खाटकाच्या 'स्वीटब्रेड'ची सावली वाटतो. ग्रीकांनी 'पॅन्क्रिआस', म्हणजे 'सगळं मांस', म्हणून विषय संपवला होता. त्या मांसातली नळी शरीररचनाशास्त्रज्ञ विर्सुंगला इटलीतल्या पादुआत 1642 साली दिसली, पण ती कशासाठी हे त्याला उमगलं नाही. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला.

दोन नळ्यांच्या संगमाभोवतीचा आवळणारा स्नायू रुग्गेरो ओड्डीने 1887 साली नीट वर्णिला, तेव्हा तो विद्यार्थीच होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत अशा स्नायूला जड संस्कृत नावं मिळतात. मी त्याला 'उघाडी' म्हणेन. खाडीकाठच्या खारजमिनीच्या बांधात असते ती. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, भरती आली की तिच्याच जोराने दार मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. तुलना पुरती जुळत नाही हे कबूल. उघाडी पाण्याच्या रेट्यावर चालते, ओड्डीचा स्नायू स्वतःच आवळतो. पण दोघांचं काम एकच: उलटं पाणी येऊ द्यायचं नाही.

काही माणसांत जन्मतःच हा संगम आतड्याच्या भिंतीच्या बाहेर, उघाडीच्या अलीकडेच होतो. मग स्नायूचा हुकूम तिथे चालत नाही. स्वादुपिंडाच्या नळीतला दाब जास्त, म्हणून तिचा पाचक रस पित्तनलिकेत उलटा चढतो. तो वर्षानुवर्षं पित्ताशयाचं अस्तर जाळत राहतो. जळलेलं अस्तर पुन्हा पुन्हा नवं होतं आणि त्यातूनच पित्ताशयाचा नि पित्तनलिकेचा कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो. ही ठेवण जपानात आणि पूर्व आशियात जास्त आढळते. ती सापडली की खडा नसला तरी शल्यविशारद पित्ताशय काढायचा सल्ला देतात. नळी फुगलेली असेल तर तीही काढून पित्ताला आतड्याकडे नवी वाट करून देतात.

दुसरी एक ठेवण याहून कितीतरी सर्रास. गर्भात स्वादुपिंड दोन कोंबांतून वाढतं आणि साधारण सातव्या आठवड्यात ते एकत्र येतात. शंभरातल्या पाच-दहा जणांत मात्र त्यांच्या नळ्या जुळत नाहीत. त्यातल्या बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही.

पण पित्ताची वाट अशा कर्करोगानेही गुपचूप अडू शकते. म्हणून कुणाचे डोळे पिवळे झाले, पोटात दुखत मात्र नाही, असं कानावर आलं की मी झाडपाल्याचं विचारत नाही. चरकाचा तिळांचा प्रश्न विचारतो, आणि उत्तर 'हो' आलं तर सोनोग्राफीला पाठवतो.